काकूंच्या बागेतून वळवलेला ओढा

मे अखेरच्या लाँग वीकेंडला प्लेनोतून बाहेर पडायचं, दोन ट्रेल करायच्या आणि बर्फाचे डोंगर डोळे भरून बघायचे, असा प्लॅन होता. राहणार होतो कुलकर्णी काका-काकूंकडे. काका निवृत्त डॉक्टर. प्लेनोत तीस वर्षं काढून आता दोघं दक्षिण कोलोरॅडोत, डोंगरातल्या एका ओढ्याकाठी राहतात. निघायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. ओढ्याला पाणी फार आहे, तुम्ही कॅन्सल केलंत तरी आम्हाला वाईट वाटणार नाही, म्हणाले. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एवढंच विचारलं की मदतीला माणसं किती आहेत.

"आम्ही दोघं," काका म्हणाले.

मग कॅन्सल करायचा प्रश्नच उरला नाही.

शुक्रवारी दुपारी निघालो. डेंटनपर्यंत ट्रॅफिक, पुढे २८७ नंबरचा हायवे मोकळा. अमारिलोला पोचायला सहा तासांच्या वर लागले. लाँग वीकेंडला तिथलं मोटेल आधीच बुक करा, ऐनवेळी दुप्पट पैसे देऊनही खोली मिळत नाही. पहाटे परत गाडीत. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, त्यामुळे फक्त रॅटनला टाकी भरायला थांबलो. तुम्हीही थांबा, पुढे डोंगरात पंप विरळ आहेत.

दहाच्या सुमारास पोचलो. फोटोत पाहिलेला निळा ओढा आता गढूळ होऊन काठोकाठ वाहत होता. तळाशी मोठाले दगड घरंगळत होते आणि त्यांची धडधड बुटांतून पायांना कळत होती. रस्त्याखालच्या मोरीत झाडांचे ओंडके अडकले होते. काउंटीचा एक्सकॅव्हेटर ते ओढून काढत होता, पण दोन काढले की तीन नवे येत. काम बघणाऱ्या रिकने आम्हाला समजावलं की वरच्या डोंगरावर दिवसभर वितळलेल्या बर्फाचं पाणी इथे संध्याकाळी पोचतं. मोरी तुंबलेलीच राहिली तर ते सरळ कॅरलच्या घरात शिरेल.

कॅरल शेजारीण, ऐंशीच्या पुढची, नुकतंच कमरेचं ऑपरेशन झालेली, घरात एकटी. रिककडे एकच उपाय होता. मोरीच्या वर काठ फोडायचा आणि पाणी काकूंच्या बागेतून पलीकडच्या कुरणात सोडायचं. पण त्यासाठी मालकांची संमती हवी होती. शिवाय बागेला लागूनच काका-काकूंचं घर. घराच्या बाजूने रचायची वाळूच्या पोत्यांची भिंत टिकली नाही तर पाणी त्यांच्याच बैठकीत.

ती बाग काकूंनी नऊ वर्षं खपून केली होती. त्या खडकाळ जमिनीत बादलीने माती आणून टाकली होती. मेथी नुकतीच वर आली होती. कॅरल वॉकर घेऊन पोर्चवर आली आणि माझ्यासाठी हे करू नका, असं तिने काकूंना परत परत सांगितलं. काकूंनी वाफ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि काकांना म्हणाल्या, "तिचं घर गेलं तर या वयात ती ते परत उभं करणार नाही. बाग मी करीन." मग रिकला चर कुठून खणायचा ते स्वतः चालत जाऊन दाखवलं.

पुढचे पाच तास आम्ही पोती भरली. रिकने शिकवलं तसं पोतं अर्धंच भरायचं, तोंड दुमडून खाली दाबायचं, विटांसारखे सांधे चुकवून रचायचं आणि वर उभं राहून तुडवायचं. काका फावड्याने वाळू देत, काकू पोत्याचं तोंड धरत, मिलिंद वाहून नेई आणि मी तुडवी. डोंगरातल्या उंचीमुळे डोकं ठणकत होतं. पाणी पीत राहायचं, एवढाच त्यावर इलाज.

पाचला काठ फोडला. पाणी क्षणभर अडखळलं आणि मग वाफेच्या वाफे उचलून घेऊन गेलं. काकू ते बघत उभ्या राहिल्या नाहीत. पोतीच भरत राहिल्या. साडेसहाला भिंतीचा एक कोपरा गळायला लागला. काकांनी तिथे पाठ टेकवली आणि आम्ही मागून पोती लावेपर्यंत ते हलले नाहीत. आठला, अजून उजेड असताना, रिकने पाण्याची पातळी कळावी म्हणून खांबावर केलेली खूण पाहिली. पाणी चढायचं थांबलं होतं. कॅरलच्या घराची सगळ्यात खालची पायरी तेवढी भिजली होती.

रविवारी ट्रेल नाही, फोटो नाहीत. कॅरलने सगळ्यांना पॅनकेक करून घातले. या दिवसांत तिकडे जाणार असाल तर ओढ्याकाठचं फिरणं सकाळीच उरका, आणि रस्त्यावर पाणी आलं असेल तर गाडी मुळीच घालू नका.

प्लेनोत परतून पंधरा दिवस झाले. खांदे आता दुखत नाहीत. ट्रिप कशी झाली, असं ऑफिसात विचारतात तेव्हा मी काकूंच्या बागेबद्दल सांगते. एखादा निर्णय किती शांतपणे घेता येतो, ते मी तिथे पाहिलं. काल काकूंचा फोन होता. ओढा उतरलाय. बागेत गुडघाभर दगड आहेत. रोज सकाळी कॅरल खुर्ची टाकून बसते, काकू दगड उचलतात आणि कुठला कुंपणाला लावायचा, कुठला टाकून द्यायचा ते कॅरल ठरवते. एक वाफा मोकळा झालाय, म्हणाल्या.

सप्टेंबरमध्ये परत तिकडे जायला मी रजा टाकली आहे. दगड उचलायला हातमोज्यांचे दोन जोड आणायला काकूंनी सांगितलेत.