लेकीला गहू सोसेना

मुखेडला आमच्या घरी गहू सणावारापुरता, नाहीतर पाहुण्यांपुरता. एरवी ज्वारीची भाकरी. मुलगी त्यावरच वाढली. अधूनमधून तिचं पोट दुखायचं, ओवा दिला की विसरून खेळायला पळायची.

दहावीनंतर तिला शिकवणीसाठी लातूरला ठेवलं. खानावळीच्या डब्यात दोन्ही वेळा चपात्या, सकाळी चहाबरोबर टोस्ट. दिवाळीला घरी आली तेव्हा गालफडं बसलेली, पोट फुगलेलं, तोंड आलेलं. फणीत केसांचे पुंजके निघायचे. कुणी म्हणालं अभ्यासाचं टेन्शन, कुणी बोअरच्या पाण्याला दोष दिला. मी शिक्षिका; शाळेतून रजा काढली, लातूरला भाड्यानं खोली घेतली आणि तिच्याजवळ जाऊन राहिले. पाणी उकळून देऊ लागले आणि मऊ व्हाव्यात म्हणून दुधात कणीक भिजवून चपात्या करू लागले. पोर आणखीच खंगली.

आमची घरमालकीण भूकंपात गाव पडल्यावर लातूरला आलेली. एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "बाई, मोठ्या डाक्टरला दाखवा. लेकरू वाळून चाललंय." ऑटोही तिनंच बोलावला.

रक्त तपासून, दुर्बिणीनं आतडं पाहून डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक नावाचा आजार सांगितला. गहू तिच्या आतड्याला सोसत नव्हता. "याचा कल जन्मापासून असतो. इथं येऊन गहू एकदम वाढला, म्हणून इतका उफाळला असेल," ते म्हणाले. "आता गहू कायमचा बंद."

"भाकरी चालेल?" मुलीनं विचारलं.

"भाकरी, भात, सगळं चालेल."

ती इतकी मोकळी हसली की डॉक्टरही हसले.

भाकरी सुरू झाली, पण पोटाचं दुखणं पुरतं थांबेना. डॉक्टरांनी पुढच्या वेळी विचारलं, "ज्वारी दळता कुठं?" गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहू दळायचे, त्याच जात्यावर आमची ज्वारी, म्हणजे गव्हाचं पीठ तिच्यात मिसळतच होतं. घरी येऊन मी हे मालकिणीला सांगितलं. तिनं पलंगाखालून दगडी जातं ओढून काढलं.

"घर पडलं, त्यात हे तेवढं साबूत निघालं. लई दिस झाले फिरवून."

आम्ही ते घासून धुतलं, उन्हात वाळवलं. पहिलं पीठ गायीला घातलं. मग रोज संध्याकाळी मी आणि मालकीण जात्याशी समोरासमोर दळायला बसायचो. शिकवणीहून आलेल्या पोरी पुस्तकं पायरीवर ठेवून बघत राहायच्या. एकदा त्यांनी हट्टानं दळलं, तर पिठाऐवजी जाडा रवाच पडला.

"असू द्या," मालकीण म्हणाली. "ह्याचा उपमा करू."

त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं ज्वारीचा उपमा खाल्ला.

मुलीच्या अंगावर हळूहळू मांस चढलं, केस दाट झाले. मेडिकलचा नंबर हुकला. तिनं फार्मसी केली, आता नांदेडला शिकवते. लग्न ठरताना मी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या जरा विचारात पडल्या.

"म्हणजे होळीला पुरणपोळी न्हाई खायची हिनं?"

"मी नुसतं पुरण खाईन की," मुलगी म्हणाली.

ते काही सासूबाईंना पटलं नाही. पहिल्या होळीला त्यांनी तांदळाच्या पिठाची पोळी लाटली. तव्यावर तिचे तुकडे झाले. सासू-सुनेनं ते वाटीत घेतले, वर दूध ओतलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच चमच्यानं खाल्ले.