दिली तरच ओढणारे

आमचे मामा तंबाखू नियंत्रण कार्यालयात पाहणी अधिकारी होते, आणि उभ्या जन्मात त्यांनी सिगारेट ओढली नाही. म्हणजे, विकत घेऊन ओढली नाही. कोणी पुढे केली तर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि पुढे करणाऱ्या मेल्यांना तोटा नव्हता.

पाहणीला गेले की ते दारात विचारायचे, "ओढता का?"

समोरचा तोंडातला धूर बाजूला सोडून म्हणायचा, "छे हो! कोणी दिली तरच."

मामांना हे मनापासून पटायचं. ते बिनदिक्कत 'नाही'वर खूण करायचे. असं करत धूम्रपानात आमचा प्रांत सगळ्यांत खाली गेला. शेजारच्या प्रांतातला अधिकारी खोदून खोदून विचारायचा, त्यामुळे त्याचे आकडे चढले आणि त्याची खरडपट्टी निघाली.

मग नवे साहेब आले. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ओढणारे सगळ्यांत कमी, आणि छातीच्या आजारांवर खर्च सगळ्यांत जास्त? हे कसं काय?"

"शेजारचा धूर, साहेब," मामा शांतपणे म्हणाले. "वारा तिकडूनच येतो."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. खर्चाची भरपाई शेजाऱ्यांकडे मागायचं ठरलं, आणि दोघं दमून जिन्यात आले. 'धूम्रपान निषिद्ध' अशा पाटीखाली साहेबांनी सिगारेटसाठी हात पुढे केला. मामांनीही केला.

"मी विकत घेत नाही हो," साहेब म्हणाले.

"मी तरी कुठे घेतो?"

मग ती दोन निर्व्यसनी माणसं, कोणी व्यसनी जिना चढून येतोय का, याची वाट बघत ताटकळत उभी राहिली.