शेजारच्या सीटवरची पिशवी

सुप्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमधल्या एका काकांचं नाव मला अजून ठाऊक नाही. मी केडगावला चढतो तोवर बस भरलेली असते. फक्त काकांच्या शेजारच्या सीटवर त्यांची डब्याची पिशवी असते. मला पाहिलं की ते पिशवी मांडीवर घेतात आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसतात. मी शेजारी बसलेला त्यांना खपत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मग मीही मोबाईलमध्ये डोकं घालायचो.

मध्ये तापाने आठवडाभर घरीच होतो. परत आलो तर ड्रायव्हर दारातच म्हणाला, "आलात का? लई भांडनं झाली राव तुमच्या सीटवरून! काका कुनाला बसूच देईनात. म्हनायचे, आमचा मानूस यायचाय."

मी आत गेलो. काकांनी पिशवी उचलली, तोंड फिरवलं. या वेळी मी नीट पाहिलं. मला ऐसपैस बसता यावं म्हणून ते अंग चोरून खिडकीला चिकटत होते.

मोबाईल खिशातच ठेवून मी विचारलं, "काका, आज डब्यात काय?"

"शेपू," ते बाहेर बघतच म्हणाले. "तुमाला चालतो का?"

शेपूचा मला वासही सहन होत नाही.

"चालतो की!" मी म्हणालो.