ती बटाटा म्हणाली होती

माझ्या थोरल्या जावेला कॉफी म्हटलं की मोठं पातेलं दिसतं. दूध, साखर, जायफळ आणि वर येईपर्यंत उकळी. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी कायम अशीच कॉफी झाली आणि मीही ती मिटक्या मारत प्याले. पण त्या दिवशी त्या पातेल्यावरून माझं डोकं जे फिरलं, ते आज हे लिहितानाही ताळ्यावर नाही.

माझा मुलगा रवांडात कॉम्प्युटर शिकवतो. लग्नही त्यानं तिथंच केलं, तिथल्याच मुलीशी. दिवाळीनंतर तो तिला पहिल्यांदा कोल्हापूरला घेऊन आला. तिच्या माहेरी डोंगरउतारावर कॉफीची झाडं आहेत. लाल झालेली फळंच तोडायची, पाण्यात टाकून तरंगतील ती काढून टाकायची, मग बिया उन्हात वाळवायच्या आणि बायकांनी बसून एकेक बी हातानं निवडायची, असं तिथलं काम. विहीणबाईंनी स्वतः निवडून, भाजून दिलेली पिशवी सुनेनं कपड्यांत गुंडाळून आणली होती.

तिला आणल्यापासून मला एकच लागून राहिलं होतं, थोरल्या जावेनं तिची ओटी भरावी. आमच्याकडे नव्या सुनेची ओटी घरातल्या थोरल्या सवाष्णीनं भरायची असते. ओटी भरली की सून घरची. नाही भरली तर आली तशी गेली, पाहुणीच. माझे यजमान गेले, तेव्हा मला तो मान नाही. म्हणून मी जावेची मनधरणी केली, तिच्या पसंतीचा खण आणला, एका दुपारी भावकीला बोलावलं. दोन दिवसांनी मुलगा आणि सून परत जाणार होती, म्हणजे जे व्हायचं ते त्याच दुपारी.

"आई, कॉफी मी करणार," सून म्हणाली. तेवढं मराठी ती शिकून आली होती. तिनं हातानं फिरवायचं छोटं यंत्र काढलं आणि एका कपापुरत्या बिया दळल्या. वास घेतला. कप ठेवला. मग दुसऱ्या कपापुरत्या. मी कारण विचारलं तर मुलानं सांगितलं. तिकडे एक किडा झाडावरच्या फळाला टोचतो. बी वरून चांगलीच दिसते, पण दळली की कच्च्या बटाट्याच्या सालीसारखा वास सुटतो. अशी बी क्वचित निघते, पण निघाली आणि इतरांत मिसळली की सगळी कॉफी गेली. म्हणून प्रत्येक कप वेगळा.

मला हे फार आवडलं. मी निवांत मनानं बाहेर चटया घालायला गेले. तिथंच चुकलं, कारण आत माझी जाऊ, आक्का, शिरली.

आत काय झालं ते सुनेनं मला नंतर खुणांनी, हातवारे करून सांगितलं. एका कपाला तो वास आला, तसा तिनं तो कप टाकून द्यायला बाजूला ठेवला आणि वर बशी झाकली. जाऊबाईंना तिचं ते एकेका कपाचं सावकाश काम बघवेना. त्यांनी पातेलं चढवलं आणि एकेका कपातली पूड त्यात ओतायला लागल्या. झाकलेल्या कपाला हात घातला तशी सून आडवी आली. "बटाटा! बटाटा!" म्हणाली. त्या वासासाठी तेवढाच शब्द येत होता बिचारीला. जाऊबाई हसल्या, टोपलीतले दोन बटाटे उचलून तिच्या हातात दिले आणि तोही कप पातेल्यात रिकामा केला. वाया कशाला घालवायचं!

कॉफी बाहेर आली. थोरल्या दिरांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दूध, साखर, जायफळ, कशालाच तो वास दाबता आला नव्हता.

"काय पाजताय म्हणायचं पावणं? कच्चा बटाटा कुटलाय व्हय ह्यात?"

मग सगळेच हसले. "त्यांच्यात असलंच खात्यात की," कुणी म्हणालं. "आमची म्हस बी तोंड लावायची न्हाई," दुसरं म्हणालं. सून दारात उभी होती. शब्द कळत नसले तरी हसणं कुणालाही कळतं. आणि माझा मुलगा, चार देश हिंडलेला, तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

मी सुनेला आत नेलं, तिच्या खुणांवरून सगळं समजून घेतलं आणि बाहेर आले ती ओरडतच.

"भाऊजी, तुमच्या गुळाच्या सौद्यात एक ढेप खराब निघाली तर अख्ख्या गावचा गूळ वाईट म्हणून बोंब मारता व्हय? तिनं तो कप टाकायला ठेवलाता! आक्कांनी घातला पातेल्यात!"

"एवढं चिडायला काय झालं? थट्टा केली," दीर म्हणाले.

जाऊबाईंनी पदर सावरला. "ओटीचं आज ऱ्हाऊ दे. तिला आपलं काय कळतंय? पुढल्या खेपेला बघू."

पुढल्या खेपेला! चूक यांची, आणि शिक्षा तिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. देवघरापुढं ठेवलेलं ओटीचं ताट मी उचललं.

"अगं, तू कशी भरतीस?" जाऊबाई म्हणाल्या. "तुला चालत न्हाई."

"तुम्ही उठायच्या न्हाईसा आनि मला चालत न्हाई. मग पोरीनं कुणाकडं बघायचं?"

मी सुनेला पाटावर बसवलं, पदर कसा पुढं धरायचा ते दाखवलं. कुंकू लावलं. तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. कुणी मला अडवलं नाही आणि कुणी मदतीलाही उठलं नाही.

ओटी भरून झाल्यावर सुनेनं थोरल्यांच्या पाया पडायचं असतं. मुलगा कोपऱ्यातून तिला तशी खूण करत होता. ती उठायला लागली, तशी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस," म्हणाले. "आज कुणाच्या पाया पडायचं न्हाई."