जेवायलाच या

मृत्युंजयअण्णांबरोबर मंडईत जायचं असेल तर घरून जेवून निघावं. हे मी अनुभवानं सांगते. आमच्या उत्तर कसब्यातल्या गल्लीपासून मंडई काही लांब नाही. पण अण्णा बरोबर असले की सकाळी आणायला निघालेली मेथी रात्रीच्या स्वयंपाकाला मिळाली तर नशीब.

वाटेत कुणी स्कूटरला किका मारत असलं की अण्णा थांबतात. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ते नुसते शेजारी उभे राहतात आणि प्रत्येक किकेला म्हणतात, "आता व्हतीय बघा." गाडी सुरू झाली की त्यांचा चेहरा असा फुलतो, जणू घरातलं पोरगं मॅट्रिक झालं. एकदा बसथांब्यावर एका परक्या माणसापाशी ते उभे राहिले ते राहिलेच. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सोलापूरच्या उन्हात. त्या माणसाची बस आली, तो चढला, अण्णांनी त्याला हात केला आणि मग माझ्याकडे आले.

"कोण होते ते?"

"म्हाईत न्हाय की."

"मग थांबलात कशाला?"

"एकटाच थांबलेला हो अक्का."

मी नाटकातली बाई. मूळची वैरागची, पण उभा जन्म कंपनीबरोबर गावोगाव गेला. आमच्यात तिसरी घंटा झाली की पडदा वर. नायकाची मिशी चिकटलेली असो वा नसो, पडदा वर! अशा बाईच्या शेजारच्या घरात देवानं हा माणूस आणून ठेवला. माझी कसली परीक्षा बघतोय, कोण जाणे.

अण्णांची सगळी नोकरी चाटी गल्लीतल्या एका साड्यांच्या दुकानात गेली. गादीवर बसून साड्या दाखवणं हेच काम. बाईनं ढीगभर साड्या उलगडायला लावून काहीच न घेता उठावं आणि अण्णांनी तिला विचारावं, "पाणी पिलासा का? ऊन लई हाय." मालक चिडायचे. पण लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं अण्णांच्याच पुढ्यात बसायची. बस्त्याच्या निमित्तानं घराघरांतली नाती अण्णांना ठाऊक झाली. कोण कुणावर रुसलंय, कुणाला आधी बोलवायचं, कुणाच्या घरी बायकोला घेऊनच जायचं. मग लोक म्हणू लागले, अण्णा, आमंत्रणं द्यायला तुम्हीच चला. अक्षतांची पितळी वाटी घेऊन, धुतलेली टोपी घालून, अण्णांनी निम्म्या कसब्याची लग्नं अशी बोलावली. त्यांनी बोलावलेलं घर आलं नाही असं होत नाही, असा त्यांचा लौकिक.

आता माझं दुखणं सांगते. वय झालं, आवाजाचा भरवसा राहिला नाही. जाण्याआधी एकदा भरलेल्या सभागृहापुढे उभं राहायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. भरलेल्या, हे महत्त्वाचं. कारण मागे एकदा मी हौसेनं कार्यक्रम ठेवला होता. सगळ्यांना मोबाईलवर निरोप पाठवले. उत्तरादाखल इतके अंगठे आणि इतकी फुलं आली की मी वेडी होऊन जादा खुर्च्या मागवल्या. प्रत्यक्षात पहिल्या रांगेत चार माणसं बसली. त्यांतला एक माईकवाला, आणि एक जण पाऊस थांबायची वाट बघत आत आलेला. रिकाम्या खुर्च्यांपुढे, कंपनीत मी गाजवलेल्या राणीचं भाषण करणं कसं असतं ते वैऱ्यालाही न कळो.

या खेपेला वाचनालयाच्या वरचं लहान सभागृह घेतलं. रावजी, आमच्या कंपनीचे पेटीवाले, यायला तयार झाले. बेत आटोपशीर होता: राणीचा शेवटचा प्रवेश, तोही कापून छोटा केलेला, दोन पदं, चहा-बिस्किट, आभार. मी मोबाईल हातात घेतला तर अण्णा ओट्यावरून म्हणाले, "फोनवर बोलवणं हे काय बोलवणं हाय व्हय, अक्का? उंबऱ्याच्या आत जाऊन बोलवावं लागतंय. मी जातो की."

मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघाले, आणि तिथं माझं डोकं फिरलं.

पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी म्हातारबांचा पाय प्लॅस्टरमध्ये. अण्णांनी तो पाय कसा मोडला ते पहिल्यापासून ऐकलं आणि संपल्यावर विचारलं, "म्हंजे पायरी ओली व्हती?" झालं, म्हातारबांनी पुन्हा जिन्यावरून सुरुवात केली. तिसऱ्या घरी त्या दिवशी नळाला पाणी आलेलं. आमच्याकडे पाणी येतं तो दिवस सणाचाच. घरातली सून एकटी पिंपं भरत होती. अण्णांनी टोपी खुंटीला लावली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कळश्या उचलायला लागले. मी, एके काळची राणी, पाटावर बसून त्यांच्या तान्ह्याला खेळवत होते. कार्यक्रमाचं अजून नावही निघालं नव्हतं.

"अण्णा, आपण आमंत्रणाला आलोय," मी दात-ओठ खात म्हटलं.

"व्हय की. पण हंडा हातात असताना माणूस काय ऐकणार?"

प्रत्येक घरी मी "येतो हं" म्हणून तरातरा उठायचे, चपला घालून रस्त्यात उभी राहायचे. अण्णा मात्र उंबऱ्यात रेंगाळायचे. अक्षता देत, कानडीत चार शब्द, मराठीत चार शब्द, लहान पोराच्या डोक्यावर हात, मग पुन्हा कुणाची तरी आठवण. तिथं ते काय बोलायचे ते मी कधी ऐकलं नाही. मी बाहेर पायानं माती उकरत असायचे. दुपारपर्यंत एवढीच घरं झाली आणि पोटात चहाचा डोह. मी हात जोडले. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी विचारलं, "किती घरं झाली?"

"आपली गल्ली झाली. मागची अर्धी राहिली. वाटेत एक जण पत्ता विचारत हुता, त्याला पोचवायला जावं लागलं."

त्या रात्री मी या खेपेलाही आशेनं मागवलेल्या जादा खुर्च्या फोन करून रद्द केल्या.

रविवारी संध्याकाळी रंग लावून, नऊवारीचा काष्टा आवळून, मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. माझा विश्वास बसेना. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती, पुढे सतरंजीवर पोरं. प्लॅस्टरवाले म्हातारबा पाय लांब करून पहिल्या रांगेत. बायका इरकली नेसून आल्या होत्या, केसांत गजरे. मी रावजींचा हात इतका जोरात धरला की ते कळवळले.

मग जरा विचित्र वाटलं. पुष्कळांच्या हातांत नारळ होते, खण होते. एवढ्यात विंगेतून एक गृहस्थ नम्रपणे आत डोकावले.

"अक्का, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. तेवढं विचारायचं हुतं, पंगत आधी का गाणं आधी? आईला साखर हाय."

माझी पंचाहत्तरी होऊन गेली होती, आणि पंगत कसली? मी अण्णांना आत बोलावलं.

"तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"नेहमीचंच सांगितलो की. रविवारी संध्याकाळी अक्कांचा कार्यक्रम, सहकुटुंब या, जेवायलाच या."

"जेवायला? तरीच लोकांना पंचाहत्तरी वाटली!"

अण्णांच्या हातात ती अक्षतांची वाटी होती. तळाशी थोड्या अक्षता उरल्या होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले.

"तोंडात बसलंय ते, अक्का. उंबऱ्यात उभारलो की आपोआप येतंय." मग हळूच म्हणाले, "मी बोलवलेला माणूस आजपत्तुर उपाशी गेला न्हाय."

मला ओरडायचं होतं. ओठांवर संवादच्या संवाद आले होते, सगळे कर्कश. आत बिस्किटांचे पुडे आणि बाहेर सहकुटुंब आलेला निम्मा कसबा. पाव तासाचा प्रवेश संपला की माणसं पंगत शोधणार, आणि नाही म्हटलं की उठून जाणार. माझी भरलेली खोली माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होणार. पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून शब्द गिळले.

"जा," मी म्हटलं. "कुठूनही आणा. पण धावत जा, अण्णा! आयुष्यात एकदा धावा!"

"येऊलालोच की," म्हणून ते निघाले. दारापाशी म्हातारबांच्या पायाखाली उशी सरकवायला थांबले. मी डोळे मिटून घेतले.

पडद्यापुढे जाऊन मी सांगितलं, "मंडळी, आधी नाटक, मग पंगत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरी घंटा झाली.

पाव तासाचा प्रवेश मी केला. विंगेत बघितलं, अण्णा नाहीत. दोन्ही पदं म्हटली. अण्णा नाहीत. रावजी डोळ्यांनी विचारत होते, आता काय? मी म्हटलं, पहिल्या अंकापासून. रावजींच्या भुवया टोपीत गेल्या. पण बोटं पेटीवर होतीच, ती आपोआप चालू लागली.

मग मी सगळं नाटक केलं. पहारेकरी मीच, फितूर कारभारी मीच, राणीला समजावणारी दाईही मीच. कंपनीत ज्या भूमिका मला कुणी दिल्या नसत्या त्या सगळ्या केल्या. प्रवेश छोटा करताना कापलेली वाक्यं कुठून कुठून उठून आली. गुडघा दुखत होता, वरचा सूर दोनदा फाटला. आणि एकही माणूस उठला नाही. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. कारभारी फितला तेव्हा मागून एक बाई ओरडली, "मेल्या, खाल्ल्या मिठाला जाग की!" राणी पुन्हा पडली तेव्हा खोलीत बांगडीचाही आवाज नव्हता.

पडल्या पडल्या मी विंगेत बघितलं. अण्णा उभे होते. डोक्यावर टोपली, मागे सावित्रम्मा, आणखी दोन टोपल्या, दह्याचं पातेलं.

सावित्रम्मा आमच्या गल्लीत कडक भाकरी करते. कडक भाकरी पापडासारखी पातळ, आठवडाभर टिकते, म्हणून तिच्याकडे चळती रचलेल्या असतात. माणसं सतरंजीवर बसली, भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. प्लॅस्टरवाले म्हातारबा म्हणाले, "लग्नात बी एवढं निवांत जेवलो न्हाय." खण आणि नारळ माझ्या ओटीत जमले. विंगेत डोकावलेल्या त्या गृहस्थांच्या साखरवाल्या आईंनी माझी दृष्ट काढली.

मी अण्णांना कोपऱ्यात गाठलं.

"इतका वेळ कुठं होतात?"

"घराघरांत मागावं म्हटलं, तर समद्यांना कुलूप. समदी हितंच की. सावित्रम्मा तेवढी घरी हुती. उद्याची ऑर्डर हुती म्हणून आली न्हाय. तीच ऑर्डर दिली तिनं उचलून."

"मग लगेच का नाही आलात?"

अण्णांनी टोपी सारखी केली. "ती म्हणली, आधी च्या घ्या."

"आणि तुम्ही घेतलात?"

"भाकरी देऊलाली हुती हो, अक्का. न्हाय कसं म्हणायचं?"

वर माझा श्वास संपत होता, राणी तलवारीवर पडत होती, आणि हा गृहस्थ बशीत चहा ओतून फुंकर मारत होता! मी कपाळावर हात मारला. रंगाचा हात, कपाळ आणखी लाल झालं. अण्णांची बायको काशम्मा शेजारून हसत म्हणाली, "मी रोज मारते. काय उपेग न्हाय."

ती माणसं माझ्यासाठी बसली होती की भाकरीसाठी, हे मला आजही कळलेलं नाही. जेवायचं ठरवून आलेला माणूस उठून जात नाही, हे खरं. पण फितूर कारभाऱ्याला शिवी घालणारी बाई भाकरीचा विचार करत होती असं मला वाटत नाही. काय असेल ते असो. खोली भरली होती, आणि भरलेलीच राहिली.

सकाळी टोपल्या परत द्यायला आम्ही सावित्रम्माकडे गेलो. ती तव्यापाशी, दिलेली ऑर्डर पुन्हा थापत होती. तिनं पैशाचं नाव काढू दिलं नाही. एवढंच म्हणाली, "नाटक तेवढं बघायचं राहिलं की." चहा झाला. मी उठले, पण चपलांकडे गेले नाही. अण्णांच्या मागे उंबऱ्यातच उभी राहिले.

अण्णा म्हणाले, "राहिलं कशाला? अक्का घरी करून दाखवतील. आज संध्याकाळी या की, सहकुटुंब, जेवायलाच या."

सावित्रम्माच्या कुटुंबात दोन लेक, दोन सुना आणि पाच नातवंडं. मी अण्णांकडे पाहिलं. ते इतके खूश दिसत होते की मला नाही म्हणवेना.

"या हं," मी म्हटलं. "वांग्याची भाजी करते."

बाहेर आल्यावर अण्णांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "चला अक्का, वांगी आणायला मीपण येतो की मंडईत."

"थांबा," मी म्हटलं. "आधी घरी जाऊन दोन घास खाऊन घेते."