उर्वरित भागातल्या कुरड्या

हवामानाचा अंदाज ही विज्ञानाने सामान्य माणसाला दिलेली सर्वात मोठी देणगी आहे, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. ते मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात सरकारी शाळेत मास्तर होते. राजधानीच्या रेडिओवरून जे सांगितलं जाई ते आपल्या नावाने निघालेलं परिपत्रकच आहे, अशा भावनेने ते ऐकत. त्यात राज्याचा पूर्व भाग येई, पश्चिम भाग येई, मोठ्या शहरांची नावं येत आणि शेवटी, उर्वरित भागात हवामान कोरडं राहील. आम्ही उर्वरित भाग. बाराही महिने, पावसाळ्यातसुद्धा.

आईचं माहेर काटोलकडचं, त्यामुळे ती सीमेपलीकडचं केंद्र लावी. तिथे रोज विदर्भात तुरळक ठिकाणी गडगडाट होई. तुरळक म्हणजे कुठे, हे पाऊस पडून गेल्यावर कळे. त्यामुळे तो अंदाज कधी चुकला नाही.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी ताईचं लग्न वैशाखात ठरलं. रुखवतात घरच्या कुरड्या नसतील तर विहीणबाईंसमोर मान वर करता येणार नाही, असं आईच्या मनाने घेतलं होतं. कुरड्यांचे गहू तीन दिवस भिजवायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, पाचव्या दिवशी पहाटे शिजवून गच्चीवर घालायच्या. म्हणजे पाच दिवसांनी ऊन असेल की नाही ते आज ठरवायचं. एकदा गहू पाण्यात पडले की माघार नाही.

"तुमची राजधानी काय म्हणून राहिली?" आईने विचारलं.

"कोरडं."

"माझ्यावाला तं गडगडाट म्हणून राहिला."

"तो विदर्भाचा आहे. आपण मध्य प्रदेशात राहतो."

"हे आभाळाले सांगून पाहा एकदा."

वडिलांनी शाळा तपासणीला आलेल्या साहेबांच्या आवाजात सांगितलं की जबाबदारी माझी. आईने गहू भिजवले.

पाचव्या दिवशी सकाळी नऊपर्यंत जुन्या धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरड्यांच्या रांगा लागल्या. ऊन चांगलं होतं. वडील ट्रान्झिस्टर घेऊन दोनदा वर येऊन गेले, जणू ऊन त्यांनीच मंजूर करून आणलं होतं. दुपारी नदीपलीकडे आभाळ काळं झालं.

"ते सावरगाववर आहे," वडील म्हणाले.

सावरगाव आमच्या गच्चीवरून दिसतं. मधे फक्त जाम नदी आहे, आणि ढगाला पूल लागत नाही. पाच मिनिटांत गारा सुरू झाल्या.

"अहो, तो रेडिओ ठेवा खाली अन् धोतराचं टोक धरा!" आई ओरडली.

आम्ही चौघांनी चार टोकं धरून एक धोतर जिन्यातून उतरवलं. खाली आलो तेव्हा त्यात कुरड्या नव्हत्या, एक मोठा ओला गोळा होता. बाकीची धोतरं आणायला जाण्यात अर्थ उरला नव्हता.

"ही अवकाळी आहे," वडील कपाळ पुसत म्हणाले. "अवकाळीला अंदाज लागू नसतो."

संध्याकाळी त्यांनी सवयीने रेडिओ लावला. अंगणात गारा अजून पुरत्या वितळल्या नव्हत्या. निवेदकाने सांगितलं की उर्वरित भागात हवामान कोरडं राहिलं.

"ऐका," आई म्हणाली. "कोरडंच होतं म्हणे. मलेच भास झाला."

वडिलांनी आवाज थोडा कमी केला, पण बंद केला नाही. तो गोळा आम्ही गूळ घालून दोन दिवस खाल्ला. पुन्हा गहू भिजवायची हिंमत आईला झाली नाही, आणि तो विषय काढायची वडिलांना.

रुखवतात ठेवलेल्या कुरड्या शेजारच्या काकूंनी दिल्या होत्या. विहीणबाईंनी त्यांच्या रंगाची फार तारीफ केली. काकूंनी त्या गारांच्या आदल्याच दिवशी कडक वाळवून डब्यात भरल्या होत्या. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता.