माझ्या सत्काराची शाल

मंडळी, दुपारी गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. डोकं अजून तापलेलं आहे.

मी टेनिस खेळायचे, पण मोठी खेळाडू नव्हे. नव्वदच्या दशकात छोट्या स्पर्धा खेळले, बहुतेक पहिल्याच फेरीत हरले. गुडघा गेला तेव्हा थांबले. शिकले मात्र आटगावजवळच्या आमच्या भाताच्या खळ्यावर. बाबा मुंबईत एका क्लबात माळी होते, तिथले टाकून दिलेले बॉल आणायचे. झोडणी संपली की आई खळं शेणाने सारवायची आणि आम्ही मधे मासे धरायचं जुनं जाळं बांधायचो.

आज शाल घालायला स्टेजवर कोण? माझे सख्खे काका! माइकवर म्हणाले, "आमच्याच खळ्यावर घडली पोर. आमी तिला कदी आडवली नाय."

मी माइक ओढून घेतला. "काका, पोरगी हाफ चड्डीत उड्या मारते म्हणून खळ्याच्या मधोमध खुंटा ठोकून बैल कोणी बांधला होता?"

काका हसले. "मीच गो! त्या खुंट्याला चुकवून चुकवून तर तुजे पाय पळायला शिकले."

अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीसुद्धा!

म्हणजे हरले ती मी एकटी, आणि घडवलं मात्र यांनी.

येताना खळ्यावर गेले. खुंटा अजून तिथेच आहे. शाल त्यालाच गुंडाळून आले. मला त्याने घडवलं, तर मान त्याचाच. काय चुकलं माझं, सांगा.